फातिमा हे नाव कुणाचे?

मे महिन्याची तेरा तारीख जवळ आली, की आमच्या धर्मग्रामांतून फातिमामातेच्या नोव्हेनाची लगबग सुरू होते. वेदीजवळ पांढऱ्याशुभ्र वस्त्रातील मूर्ती सजते, तिच्या पायाशी तीन लहान मेंढपाळ गुडघे टेकलेले असतात, आणि संध्याकाळी जपमाळेचा मंद स्वर वाडीवाडीतून ऐकू येतो. 'फातिमा' हा शब्द आमच्या ओठांवर इतका रुळला आहे, की तो कुठून आला हे विचारावे असे सहसा कुणाला वाटत नाही. आईला हाक मारताना त्या हाकेची व्युत्पत्ती कोण शोधत बसतो?

तरीही हा प्रश्न आमच्यापुढे येतो, आणि तो बहुधा स्नानसंस्काराच्या निमित्ताने येतो. आजीला वाटते, नातीचे नाव फातिमा ठेवावे. घरातील तरुण मंडळी कुजबुजतात, "अहो, हे नाव तर त्यांचे आहे. उद्या शाळेत, नोकरीत मुलीला लोक काय समजतील?" आणि मग फादरांचे मत विचारले जाते. ही शंका वरवर लहान दिसली, तरी तिच्या पोटात एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. नाव कुणाच्या मालकीचे असते? ज्या उगमातून ते आले त्याच्या, की आज जो ते प्रेमाने उच्चारतो त्याच्या? आणि उगम आपल्याला गैरसोयीचा वाटला, तर तो झाकण्याचा किंवा रंगवण्याचा अधिकार श्रद्धेला आहे काय? या लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

प्रथम गावाची ओळख करून घेऊ. फातिमा हे मध्य पोर्तुगालमधील ओरेम तालुक्यातील गाव. १५६८ साली ते ओरेमपासून वेगळे होऊन स्वतंत्र धर्मग्राम झाले. चुनखडीच्या डोंगराळ मुलखातील, मेंढरे चारून आणि ऑलिव्हची झाडे जोपासून जगणारे हे गाव पुढची साडेतीन शतके जगाला ठाऊक नव्हते. १३ मे १९१७ रोजी जवळच्या आल्जुस्त्रेल वस्तीतील लूसिया, फ्रान्सिस्को आणि जसिंता या तीन मुलांना पवित्र मरियेचे दर्शन घडले आणि त्या वर्षीच्या १३ ऑक्टोबरपर्यंत दर्शनांची मालिका चालली. १९३० साली लैरियाच्या बिशपांनी ही दर्शने विश्वासार्ह असल्याचे घोषित केले. २०१७ साली, बरोबर शंभर वर्षांनी, पोप फ्रान्सिस यांनी फ्रान्सिस्को आणि जसिंता यांना संतपद बहाल केले.

हे नाव अरबी आहे याविषयी संशयाला जागा नाही. अरबी भाषेत 'फ-त-म' या धातूचा अर्थ बाळाचे अंगावरचे दूध तोडणे असा होतो, आणि 'फातिमा' म्हणजे दूध तोडणारी. प्रेषित महंमदांच्या कन्येचे हे नाव असल्यामुळे मुस्लिम जगतात ते घरोघरी ठेवले जाते. मग मरियेच्या भक्तीने न्हालेल्या या गावाला ते कसे मिळाले?

याचे उत्तर देणारी एक सुंदर आख्यायिका आहे. अनेक भक्तिपुस्तिकांतून ती छापली गेली आहे. सन ११५८. संत योहानाच्या सणाची पहाट. गोन्सालो हेर्मिगेस नावाचा पोर्तुगीज सरदार, ज्याला लोक 'मूरभक्षक' म्हणत, तो आपल्या स्वारांसह आल्कासेर दो साल या मुस्लिम नगराबाहेर दबा धरून बसला. सण पाहण्यासाठी बाहेर पडलेल्या लोकांवर त्याने हल्ला चढवला आणि त्यांतून सरदारकन्या फातिमा हिला पकडून आणले. पुढे त्या दोघांचे एकमेकांवर प्रेम जडले. तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, स्नानसंस्कारात 'ओरिआना' हे नाव घेतले आणि राजाने त्यांना विवाहाची भेट म्हणून एक नगर दिले. तेच ओरेम. ओरिआना तरुणपणीच वारली. शोकाकुल गोन्सालो आल्कोबासाच्या सिस्टर्शियन मठात संन्यासी झाला. पुढे त्याला डोंगरातील एका लहान मठात पाठवण्यात आले, तेव्हा त्याने पत्नीच्या अस्थी बरोबर नेल्या, आणि त्या जागेला फातिमा हे नाव पडले.

कथा मन हेलावणारी आहे यात शंका नाही. परंतु तिची छाननी केली, तर ती हातात टिकत नाही. ती आपल्याला मिळते ती फ्रे बेर्नार्दो द ब्रितो यांच्या १६०२ साली छापलेल्या सिस्टर्शियन संघाच्या बखरीत, म्हणजे सांगितलेल्या घटनेनंतर ४४४ वर्षांनी. ब्रितो स्वतः आल्कोबासाच्या मठातील संन्यासी होते, आणि आपल्या मठाची थोरवी गाण्यासाठीच त्यांनी ही बखर रचली होती. त्यांनी दिलेल्या जुन्या आधारांवर पुढील काळातील इतिहासकारांनी विसंबू नये असे ठरवले, ते उगीच नव्हे. पण इतिहासकारांना बाजूला ठेवले, तरी साधी विचारशक्ती आपल्याला एक प्रश्न विचारते. त्या स्त्रीने फातिमा हे नाव टाकून ओरिआना हे नाव धारण केले होते, तर तिच्या पतीने, तोही संन्यासी झालेला, तिच्या समाधीच्या जागेला तिने टाकलेलेच नाव का दिले असते? एकाच कथेने दोन गावांची दोन नावे सोडवून दाखवण्याचा हा खटाटोप आहे. नाव आधी होते, कथा नंतर आली.

वास्तविक या नावासाठी एखाद्या राजकन्येची गरजच नाही. सन ७११ मध्ये अरब आणि बर्बर सेना आयबेरियात उतरल्या, आणि आजच्या पोर्तुगालचा दक्षिण भाग पाच शतकांहून अधिक काळ मुस्लिम राज्यकर्त्यांच्या ताब्यात राहिला. अल्गार्वमधील फारो हे शहर १२४९ साली घेतले गेले, तेव्हा ते पर्व संपले. इतक्या काळात जमिनीला नावे पडणारच. अल्गार्व म्हणजे अरबीतील 'अल्-गर्ब', पश्चिम. आल्बुफैरा म्हणजे खाजण, आल्कांतारा म्हणजे पूल. लिस्बनमधील आल्फामा हा जुना मोहल्ला म्हणजे 'अल्-हम्मा', ऊन पाण्याचे झरे. आपल्याकडचा 'हमाम' त्याच कुळातला. पोर्तुगीज गृहिणी ऑलिव्हच्या तेलाला 'अझैत' म्हणते आणि साखरेला 'असुकार', ते दोन्ही शब्द अरबी. इतकेच काय, एखादी गोष्ट देव करो आणि घडो असे म्हणायचे असेल, तर धर्मनिष्ठ पोर्तुगीज कॅथॉलिक आजही 'ओशाला' म्हणतो, आणि त्या शब्दात अल्लाहचे नाव आहे. अशा मुलखात एखाद्या शेताला, एखाद्या वस्तीला तिथल्या फातिमा नावाच्या बाईमुळे तिचे नाव पडले, तर त्यात नवल ते काय? आपल्याकडे नाही का अमक्याची वाडी आणि तमकीचा मळा असतो?

येथे एक सावधगिरीचा शब्द. नावांच्या बाबतीत कान फार फसवतो. अरबीत 'वादी' म्हणजे नदीचे खोरे, आणि ग्वादियाना या नदीच्या नावात तो शब्द आजही आहे. पण म्हणून आपली 'वाडी' तिथून आली असे कुणी म्हणू लागले, तर तो भ्रम ठरेल. आपली वाडी संस्कृतातील 'वाटिके'च्या घराण्यातली आहे. सारखेपणा दिसला की नाते जोडायचे, हा मनाचा जुना मोह. ब्रितोंच्या बखरीत ओरिआनाचे ओरेम झाले, ते याच मोहामुळे.

आता या मुलखातील दुसरे एक नाव पाहू, म्हणजे आमच्या म्हणण्याचा रोख स्पष्ट होईल. फातिमाच्या दक्षिणेस तेजो नदीच्या काठी सांतारेम हे प्राचीन नगर आहे. त्याचे रोमन नाव स्कालाबिस. पुढे ख्रिस्ती काळात ते संत इरेनेच्या नावाने ओळखले जाऊ लागले. या कुमारी हुतात्म्याला पोर्तुगीज लोक 'इरिया' म्हणतात. संत इरेने या दोन शब्दांचेच पुढे सांतारेम झाले. आठव्या शतकाच्या आरंभी हे नगर मुस्लिमांच्या हाती गेले आणि ११४७ साली आफोन्सो हेन्रिकेस राजाने ते जिंकून घेईपर्यंत चार शतकांहून अधिक काळ बहुतांशी त्यांच्याकडेच राहिले. या काळात त्यांनी त्याचे नाव बदलले नाही. ते त्याला 'शंतरीन' म्हणत राहिले, म्हणजे आपल्या जिभेवर बसेल अशा रीतीने संत इरेनेचेच नाव घेत राहिले. बाराव्या शतकातील अंदलुसियन साहित्याचा थोर संग्राहक इब्न बस्साम या नगरचा. त्याचे पूर्ण नाव इब्न बस्साम अश्-शंतरीनी. एक श्रद्धावान मुस्लिम पंडित आयुष्यभर आपल्या नावात एका ख्रिस्ती हुतात्म्याचे नाव मिरवीत होता. आणि पुढे तोच मुलूख ख्रिस्ती राजाकडे आला, तेव्हा डोंगरातल्या शेतकऱ्यांनी एका मुस्लिम बाईचे नाव पुसले नाही. तलवारी एकमेकींवर आदळत होत्या, तेव्हा साध्या माणसांची जीभ असा शेजारधर्म पाळीत होती.

आम्ही त्या काळाचे गोड चित्र रंगवू इच्छित नाही. दोन्ही बाजूंनी रक्त सांडले, दोन्ही बाजूंनी माणसे गुलाम म्हणून विकली गेली. ११७० साली आफोन्सो हेन्रिकेस याने लिस्बन, आल्मादा, पाल्मेला आणि आल्कासेर येथील स्वतंत्र मुस्लिमांना संरक्षणाची सनद दिली, त्यामुळे ख्रिस्ती राज्यातही मुस्लिम मोहल्ले नांदत राहिले. मात्र डिसेंबर १४९६ मध्ये मानुएल राजाने यहुदी आणि मुस्लिम अशा दोघांनाही देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढला. माणसे गेली आणि नावे राहिली. ज्यांच्या आयाबहिणींचे नाव आपण गावाला ठेवून घेतले, त्यांनाच आपण घराबाहेर काढले. फातिमा हे नाव उच्चारताना ख्रिस्ती मनाला याचीही आठवण असावी असे आम्हाला वाटते.

या पार्श्वभूमीवर मूळ प्रश्नाकडे वळू. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात एके ठिकाणी नावाचा उगम आणि नावाचा अर्थ यांत भेद केला आहे. नाव कशावरून पडले ही एक गोष्ट, आणि ते कशाचा बोध करून देते ही दुसरी. त्यांचे उदाहरण गमतीचे आहे. त्या काळच्या समजुतीप्रमाणे लॅटिनमधील दगडाचे नाव पायाला इजा करण्यावरून पडले होते. परंतु म्हणून पायाला इजा करणारी प्रत्येक वस्तू दगड ठरत नाही, नाहीतर लोखंडालाही दगडच म्हणावे लागेल. ही व्युत्पत्ती आज कुणी मानीत नाही, पण भेद मात्र खरा आहे. त्याचा उजेड आपल्या प्रश्नावरही पडतो. फातिमा या नावाचा उगम अरबी आहे म्हणून आमच्या जपमाळेतील फातिमामाता परकी ठरत नाही, कारण त्या नावाने आम्हाला प्रभू येशूच्या मातेचाच बोध होतो. स्नानसंस्काराच्या वेळी विचारणाऱ्या कुटुंबांना आम्ही हेच सांगतो. ख्रिस्ती भावनेला विसंगत असे नाव बालकाला देऊ नये, एवढीच १९८३ च्या धर्मसंहितेची अपेक्षा आहे. आणि ज्या नावाने लाखो भाविक मरियेला हाक मारतात ते विसंगत कसे असेल?

पण मग कुणी म्हणेल, "फादर, उगमाने अर्थ ठरत नसेल, तर ती राजकन्येची गोष्ट खरी की खोटी याने काय बिघडते? भोळ्या भाविकांना ती आवडते. राहू द्या की." या आक्षेपात दयाभाव आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. संत ऑगस्टीन यांनी असत्य भाषणावर दोन स्वतंत्र प्रबंध लिहिले. पहिल्या प्रबंधात त्यांनी असत्याचे आठ प्रकार सांगितले आणि धर्माच्या शिकवणीत केलेल्या असत्याला सर्वांत आधी, सर्वांत घातक म्हणून स्थान दिले. कारण उघड आहे. लोकांना एकदा कळले की धर्मगुरूने एक सोयीची गोष्ट खरी म्हणून सांगितली, तर त्याने सांगितलेल्या खऱ्या गोष्टीवरही ते का विश्वास ठेवतील? रिकाम्या थडग्याची साक्ष देणाऱ्या ख्रिस्तसभेला खोट्या अस्थींची कथा परवडत नाही. आख्यायिका ही आख्यायिका म्हणून सांगितली, तर त्यात पाप नाही. इतिहास म्हणून सांगितली, तर आहे.

याहून खोल असे दुसरे कारण आहे. ही कथा केवळ चुकीची माहिती देत नाही, ती आपल्या मनाला एक वळण लावते. तिच्या म्हणण्याप्रमाणे परक्या नावाला आपल्या घरात जागा मिळायची असेल, तर आधी त्या नावाच्या बाईला दबा धरून पकडले पाहिजे, तिचे नाव बदलले पाहिजे आणि तिला पुरले पाहिजे. तेव्हा कुठे तिचे नाव आपल्याला पचते. ही कथा प्रेमकथा वाटते खरी, पण त्यात त्या मुलीच्या इच्छेला स्थान किती आहे? देव प्रत्येकाला नावाने हाक मारतो आणि म्हणून प्रत्येकाचे नाव पवित्र आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ती 'प्रत्येकाचे' म्हणते, केवळ स्नानसंस्कार झालेल्यांचे नव्हे. खरी फातिमा बहुधा एक साधी कष्टकरी बाई असावी. तिच्या नावाला कुणाच्या विजयाची झालर लावण्याची आवश्यकता नाही.

उलट दिशेचाही एक मोह आहे. बिशप फुल्टन शीन यांनी १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या मरियेवरील ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरण मरिया आणि मुस्लिम या विषयाला दिले. मरियेने फातिमा हे गाव निवडले, त्यात मुस्लिम बांधवांसाठी एक आशेची खूण त्यांना दिसली. पुढे ते मरियेच्या पुत्राकडे वळतील अशी त्यांची श्रद्धा होती. या चिंतनामागील भक्तीबद्दल आम्हाला आदर आहे. तथापि आम्हाला एक पाऊल अलीकडे थांबावेसे वाटते. शेजाऱ्याने आपल्याकडे यावे म्हणूनच त्याच्या नावाचा आदर करायचा, तर तो आदर सौद्याचा होईल. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध झालेल्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या घोषणापत्राने मुस्लिम लोक मरियेला मान देतात आणि भक्तिभावाने तिचा धावाही करतात याची कृतज्ञतेने नोंद घेतली आहे. कुराणातील एकोणिसावा अध्याय मरियेच्याच नावाचा आहे, आणि त्या ग्रंथात नावाने उल्लेखिलेली ती एकमेव स्त्री होय. मुस्लिम परंपरेत स्वर्गातील श्रेष्ठ स्त्रियांची नावे घेतली जातात, तेव्हा मरिया आणि फातिमा ही नावे शेजारी शेजारी येतात. आम्ही त्यांच्या नावाचे गाव पवित्र मानतो आणि ते आमच्या प्रभूच्या मातेला पवित्र मानतात. एवढे सत्य पुरेसे आहे. पुढचे काम देवाचे.

आणि आपण तरी कुठे शुद्ध उगमाचे आहोत? वसईच्या घराघरांवर फर्नांडिस, रॉड्रिग्ज, घोन्साल्विस अशा पाट्या आहेत. ही आडनावे १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमदानीत आपल्याकडे आली असे आपण म्हणतो, पण त्यांची मुळे उत्तरेकडून स्पेनमध्ये शिरलेल्या गॉथ टोळ्यांच्या भाषेत आहेत. बाजारात मासळीचा 'लिलाव' होतो. तो शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिला, आणि त्यांना तो अरबांकडून मिळाला होता. नावांची आणि शब्दांची वंशावळ उलगडू लागलो, तर 'केवळ आमचे' असे म्हणण्यासारखे फारच थोडे हाती उरते. असा मनुष्य गावे आणि रस्ते यांची नावे पुसून इतिहास धुऊन काढू पाहणाऱ्यांच्या गर्दीत उभा राहण्यापूर्वी क्षणभर थांबेल, अशी आमची अपेक्षा आहे.

शेवटी दर्शनाच्या जागेच्या नावाबद्दल. ज्या खोलगट शेतात मुलांना दर्शन घडले ते लूसियाच्या आईवडिलांचे, आणि त्याचे नाव 'कोव्हा दा इरिया', म्हणजे इरियाची खोलगट जमीन. इरिया म्हणजे इरेने, आणि ग्रीक भाषेत इरेने म्हणजे शांती. मार्च १९१६ पासून पोर्तुगाल महायुद्धात होता. ५ मे १९१७ रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी मरियेच्या लितानीत 'शांतीच्या राणी' ही विनवणी कायमची जोडण्याचा आदेश दिला, आणि आठच दिवसांनी त्या शेतात मुलांना शांतीसाठी रोज जपमाळ करण्याचा निरोप मिळाला. गावाचे नाव एका मुस्लिम स्त्रीचे, शेताचे नाव शांतीचे. यातून आम्ही कोणताही चमत्कार सिद्ध करू पाहत नाही. नुकतेच आम्ही ब्रितोंना ज्या मोहाबद्दल बोल लावला, त्यात आम्हीही पडू नये. पण प्रार्थनेला हा विषय मात्र नक्कीच पुरतो.

संत पौल करिंथकरांना लिहितात, की त्यांनी त्यांना आरंभी दूध पाजले, कारण जड अन्न त्यांना पचले नसते. आख्यायिका हे श्रद्धेचे बाळपणीचे दूध आहे. त्यात वाईट काही नाही, परंतु कधीतरी उष्टावण व्हावीच लागते, आणि दूध तोडणारी आईच असते. ज्या नावाचा मूळ अर्थच दूध तोडणारी असा आहे, त्या नावाने मरियेला हाक मारणाऱ्या कुटुंबांनी सत्याचा घास घ्यायला कचरू नये. येत्या तेरा तारखेला जपमाळेच्या शेवटी एक मरिया स्तवन त्या अनाम फातिमेसाठी म्हणावे, ज्यांना १४९६ नंतर घर सोडावे लागले त्यांच्यासाठी म्हणावे, आणि आपल्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, त्याच नावाच्या एखाद्या शेजारणीसाठी म्हणावे. आणि नातीचे नाव फातिमा ठेवायचे असेल, तर बिनदिक्कत ठेवावे. उद्या शाळेत कुणी तिला विचारले, की हे नाव कुणाचे, तर तिला निर्भयपणे सांगता यावे, की ते त्यांचेही आहे आणि आमचेही.